जावळाची घोंगडी आणि दर्याचे तेल

मित्रांनो, परवा सोलापूरच्या एका शाळेची सहल आमच्या बिरोबाच्या देवळात आली होती. मुलांनी चपला बाहेर काढल्या, घंटा वाजवली, कपाळाला भंडारा लावला. देवापुढे मी पसरलेली होते. माझ्याजवळ येताच एका मुलीने नाक धरले आणि ती म्हणाली, "शी! ही घोंगडी काय रॉकेलात बुडवली होती?" बाईंनी तिच्यावर डोळे वटारले. मला मात्र मुळीच राग आला नाही. उलट बरे वाटले. तीन वर्षांत इतक्या जवळ येऊन मला कुणी काही विचारलेच नव्हते. पण पोरीची जात, उत्तराला कुठली थांबते! ती बाहेर चिंचा वेचायला पळाली. म्हणून तिला सांगायचे होते ते आता तुम्हाला सांगते.

मी जुनी दिसते, पण माझे वय अवघे चार वर्षांचे आहे. माझ्याबरोबर विणलेल्या घोंगड्या अजून धनगरांच्या खांद्यावर ऐटीत मिरवतात. मी एका दिवसात जुनी झाले.

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याच्या माळावर गवताची काडी उरली नव्हती. म्हाळसाबाई नावाच्या धनगरणीची शंभरावर मेंढरे होती. बाभळीचा पाला संपला, मग साली संपल्या, मग एकेक मेंढरू बसले ते उठलेच नाही. शेवटी अकरा उरली. त्यांत कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक मेंढी होती, तिचे नाव चांदी. तेव्हा म्हाळसाबाई या देवळात आली, पायरीवर डोके टेकले आणि म्हणाली, "बिरोबा, ही अकरा तेवढी राख. ह्यांच्या पोटच्या कोकरांच्या जावळाची घोंगडी म्या माझ्या हातानं कातून तुझ्या गादीला घालीन."

जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर. ती जन्मात एकदाच कातरतात आणि तिच्याइतकी मऊ लोकर पुन्हा त्या मेंढराला येत नाही.

अकरा वाचली. त्यांची कोकरे झाली. पण एका घोंगडीपुरते जावळ जमायला दोन वर्षे गेली. म्हाळसाबाईच्या हातातली टकळी कधी थांबत नसे. मेंढरांमागे चालताना ती कातायची, बोलताना कातायची, सुनेवर, मायाक्कावर, तोंडसुख घेतानाही तिचा धागा तुटत नसे. मात्र या दोन वर्षांत तिच्या डोळ्यांवर पडदा आला. शेवटचे सूत तिने नुसत्या अंगठ्याने चाचपून कातले. सनगराच्या, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्या हरिदासच्या, मागावर ते नेऊन ठेवले तेव्हा ती म्हणाली, "हरिदासा, नीट इन बाबा. ही शेवटलीच. आता म्होरं मला दिसायचं न्हाय."

हरिदासने सूत बोटांवर घेतले, ओढून पाहिले. तो कुणाचे सहसा कौतुक करणारा माणूस नव्हता. तरी म्हणाला, "म्हाळसाबाई, तुजं डोळं गेलं, पर हात न्हाय गेला." मग त्याने चिंचोक्यांची खळ शिजवली, ताण्याच्या उभ्या धाग्यांना कुंच्याने लावली आणि आठ दिवसांत मला विणून काढले. मी काळीभोर आणि अशी मऊ होते की हरिदासची बायको मला गालाला लावून बघायची. मित्रांनो, मी थोडी गर्विष्ठ झाले होते, हे कबूल करते. माझ्या जागी तुम्हीही झाला असतात.

बिरोबाची जत्रा वैशाखात असते. मी विणून झाले तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती आणि आमच्याकडची माणसे मेंढरे घेऊन कोकणात निघाली होती. दरवर्षी ती कुंभार्ली घाट उतरतात, तिथल्या भातखाचरांत मेंढरे बसवतात, त्यांच्या लेंड्यांचे खत जमिनीला मिळते आणि त्याबदल्यात शेतकरी भात देतात. पावसाआधी सगळे माघारी येतात. घरी मागे कुणीच राहत नाही. म्हणून म्हाळसाबाईने मला पांढऱ्या धडप्यात, म्हणजे जाड कापडाच्या तुकड्यात, बांधले आणि घोड्यावर, भांड्यांच्या वर ठेवले.

वाटेत थंडी फार होती. म्हाळसाबाईच्या जुन्या घोंगडीला खिडक्या पडल्या होत्या. तिचा मुलगा भीमा रोज सकाळी तेच म्हणायचा, "आये, त्यी नवी घे की. देव काय हिवानं मरत न्हाय. तू मरशील."

"मरंन," म्हाळसाबाई म्हणायची, "पर जत्रा झाल्यावर."

आमचा तळ समुद्राजवळच्या एका खाचरात पडला. मी समुद्र पहिल्यांदाच पाहिला, तोही धडप्याला पडलेल्या भोकातून. मला तो आवडला. चांदीला कोकरू झाले होते, कपाळावर आईसारखाच ठिपका असलेले. त्या हवेत एकच वाईट होते. कोकणातल्या दमट वाऱ्याने कोकरांना खरूज झाली. ती दिवसभर दगडाला अंग घासत राहायची आणि चांदीच्या कोकराच्या मानेवर तर चट्टाच पडला होता.

शिमग्याच्या थोडे आधी एका सकाळी समुद्राचा आवाज बदलला. लाट फुटताना खळखळ होते, फेस येतो, तसे काही होईना. लाटा जड होऊन किनाऱ्यावर नुसत्या पडत होत्या. भीमा आणि मायाक्का बघायला गेले आणि म्हाळसाबाईही सुनेचा हात धरून गेली. वाळू काळी झाली होती. दूर समुद्रात तेलाचे एक जहाज खडकावर चढून त्याचे पोट फाटले होते, हे आम्हाला दोन दिवसांनी कळले. त्या सकाळी फक्त वास होता.

म्हाळसाबाईने वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "आरं, ह्यो तर लारीच्या काळ्या तेलाचा वास हाय की!"

हे समजायला तुम्हाला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. मेंढराला खरूज झाली की धनगर रस्त्यावरच्या गॅरेजमधून मोटारीचे जळके तेल मागून आणतात आणि चट्ट्यावर बोटाने लावतात. गॅरेजवाला वाटीभर तेल देताना दहा बोलणी ऐकवतो. इथे तर सगळा दर्याच तेल फुकट वाटत होता.

"भीमा, डबं आन," म्हाळसाबाई म्हणाली. "सगळ्या कोकरांस्नी लावू."

मायाक्का जागची हलली नाही. तिच्या पायाजवळ पांढरे समुद्रपक्षी पडले होते. त्यांचे पंख अंगाला चिकटले होते. एक अजून जिवंत होता आणि चोचीने एकेक पीस पुसत होता. "आत्या," ती म्हणाली, "हितं पाखरं मेल्याली दिसत्यात."

"पाखरांचं आन मेंढरांचं एक असतंय व्हय? गप चल."

मित्रांनो, म्हाळसाबाई शहाणी बाई होती. दुष्काळातून अकरा मेंढरे जगवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण शहाण्या माणसाला आपल्या शहाणपणावर फार विश्वास असतो. त्यात तेल फुकटचे. गॅरेजचे तेल ती बोटाने लावायची, हे तिने ओंजळीने लावले. चट्ट्यावर लावले, पाठीवर लावले, पोटावर लावले. वीस कोकरे दुपारपर्यंत काळीभोर चकचकीत झाली.

ऊन चढले तशी कोकरे धापा टाकू लागली. काहींनी अंग चाटले आणि त्यांच्या तोंडाला फेस आला. पण खरी आपत्ती दूध पाजायच्या वेळेला कळली. मेंढी आपले कोकरू नुसत्या नजरेने पारखत नाही, ती हुंगते. शंभर कोकरांतून ती नेमके आपलेच हुंगून काढते. आता त्या वीसही कोकरांना एकच वास येत होता, तेलाचा. चांदीचे कोकरू ओरडत तिच्याकडे धावले. तिने हुंगले, मागे सरकली आणि त्याला डोक्याने ढुशी दिली. ते पुन्हा गेले. तिने पुन्हा ढकलले. साऱ्या खाचरात हेच चालले होते. आया कोकरांना हाका मारत होत्या आणि कोकरे जवळ आली की त्यांना हाकलत होत्या.

म्हाळसाबाईला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. ती बांधावर बसली आणि रडू लागली. "माज्या हातानं," एवढेच ती म्हणत होती. मी घोड्याच्या खोगिराशेजारी धडप्यात होते. तिचे ते रडणे मला अजून आठवते आणि आठवले की माझी वीण आखडते.

तेवढ्यात गावातली एक कोळीण डोक्यावर रिकामी पाटी घेऊन आली. ती भाताच्या पेंढ्याला आली होती, कारण तिच्या माणसांनी होड्यांना चिकटलेले तेल पेंढ्याने पुसायला घेतले होते. तिने कोकरे पाहिली आणि पाटी खाली टाकली. "गो बाय माझे, ह्या काय केलंस! ती पाखरां बघितली नाय काय? चोचीनं पंख साफ कराया गेली नि मेली. ता तेल पोटात जाता नये."

"मग काय करू?" म्हाळसाबाईने विचारले. तिला त्या बाईची भाषा अर्धीच कळत होती, पण काळजी पुरती कळली.

कोळणीने तिच्या घरचे खोबरेल आणले. पाण्याने हे तेल हलत नव्हते, खोबरेलाने ते सैल पडत होते. पण सैल झालेले तेल टिपायचे कशाने? पेंढा कोकरांच्या कातडीला टोचत होता. मायाक्काचे जुने लुगडे नुसते माखून निघाले. मग भीमाने आपली घोंगडी कोकराभोवती गुंडाळली आणि काढली तर काय, घोंगडीने तेल पिऊन टाकले होते. पावसाचे पाणी आम्हा घोंगड्यांवरून ओघळून जाते, ते आम्ही आत घेत नाही. तेल मात्र लोकरीला घरच्यासारखे वाटते. ही आमची खोड कुणाच्या कधी कामाला आली नव्हती, ती त्या दिवशी आली.

तिघांच्या तीन घोंगड्या होत्या. पण त्या जुन्या, दाबून घट्ट झालेल्या. पंधराएक कोकरे पुसली तोवर त्या इतक्या भरल्या की पिळल्या तर ठिबकत होत्या. पाच कोकरे उरली. त्यांत चांदीचे होते. ते आता ओरडतही नव्हते.

म्हाळसाबाई उठली. हाताने चाचपत घोड्याच्या सामानापाशी आली आणि तिने माझ्या धडप्याची गाठ सोडली.

"आये," भीमा ओरडला, "त्यी देवाची हाय!"

म्हाळसाबाईचा हात माझ्यावर थांबला. तिच्या अंगठ्याने माझे सूत शोधले, ते शेवटचे, न पाहता कातलेले. मला वाटत होते, तिने मला परत बांधावे. खरेच सांगते, मला तसेच वाटत होते. मी देवाच्या गादीसाठी जन्मले होते, कोकरू पुसायला नव्हे.

"आन देव कुनाचा हाय?" म्हाळसाबाई म्हणाली. तिने मला झटकून उघडले आणि चांदीच्या कोकरावर टाकले.

ते चिकट तेल माझ्या धाग्याधाग्यात शिरले. पण त्या तेलाखाली एक छोटे काळीज फडफडत होते, तेही मला लागत होते. म्हाळसाबाई मला दाबत होती, फिरवत होती, कोरडी बाजू पुढे करत होती. कोळणीने रिठे कुटून आणले. त्या फेसात कोकराला धुतले. मग मायाक्काने चांदीचे दूध काढले आणि तेच कोकराच्या पाठीवर, शेपटीवर चोळले, वर थोडे मीठ भुरभुरले. धनगर पोरक्या कोकराला दुसऱ्या मेंढीखाली लावताना हेच करतात. इथे सख्ख्या आईपाशी करावे लागले.

चांदीने हुंगले. मागे सरकली. पुन्हा हुंगले. मग मीठ चाटले आणि चाटतच राहिली. कोकराने गुडघे टेकून आचळ धरले तेव्हा भीमा तोंड फिरवून उगाच दावे सारखे करू लागला.

बाकीची कोकरेही अशीच आयांना लावली. सतरा जगली. तीन गेली. ती भीमाने खाचराच्या कडेला पुरली आणि म्हाळसाबाईने त्यांच्यावर स्वतः माती लोटली.

संध्याकाळी कोळीण जायला निघाली. म्हाळसाबाईने विचारले, "तुमचं काय व्हनार?" तेव्हा ती बाई बसली आणि पहिल्यांदाच रडली. जाळी वाया गेली होती. खडकांवरचे शिंपले उघडे पडून कुजत होते. भरतीबरोबर तेल खाडीत शिरू लागले होते. खाडीच्या गाळात तिसऱ्या नावाचे लहान शिंपले मिळतात, त्यांवर गावच्या बायकांची घरे चालायची. काठाच्या कांदळवनात, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या झाडीत, माशांची पिल्ले वाढतात. ते तेलाखाली गेले तर पुढची कित्येक वर्षे मासळी येणार नाही, असे ती म्हणाली. मला तिचे सगळे शब्द कळले नाहीत. पण मेंढी कोकराला ओळखेनाशी झाली होती आणि या बाईला तिचा समुद्र ओळखू येत नव्हता, एवढे कळले.

कातरणीला अजून महिना होता. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच म्हाळसाबाईने भीमाला कात्र्या काढायला लावल्या. वर्षाची लोकर होती ती, ती विकून घरी जोंधळे यायचे. भीमा कुरकुरला. म्हाळसाबाई म्हणाली, "तिनं खोबरेल दिलं तवा कुरकुरली व्हती व्हय?" मग भीमाने मुकाट्याने सगळी मेंढरे कातरली. कोळ्यांनी ती लोकर फाटक्या जाळ्यांत कोंबली, तिचे लांब जाड लोड केले आणि तेल अडवायला खाडीच्या तोंडावर या काठापासून मधल्या खडकापर्यंत बांधले. लोकर पुरली तेवढेच. आम्ही तिथून निघालो तेव्हा खाडीच्या अलीकडचे कांदळवन हिरवे होते. पलीकडच्या काठावर पाने गळून नुसत्या काळ्या मुळ्या उभ्या होत्या. माझ्या भाऊबंदांनी जमेल तेवढे तेल पिऊन घेतले, यापेक्षा जास्त मी सांगत नाही.

घरी आल्यावर म्हाळसाबाईने मला माण नदीत सात वेळा धुतले. राखेने धुतले, रिठ्याने धुतले. एका टोकाला मोठा डाग राहिलाच. वासही राहिला. हरिदासने मला पाहिले आणि डागावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "एवढा तुकडा कापून टाकतो. नवा काठ इनून देतो. कुनाला कळायचं न्हाय."

म्हाळसाबाईने मला घरी नेले. नवी घोंगडी कातायला तिच्याकडे डोळे नव्हते. डागाळलेली देवाला द्यायची तिला लाज वाटत होती आणि कापलेली द्यायची त्याहून जास्त.

जत्रेच्या दिवशी ती मला खांद्यावर घेऊन या देवळात आली, आहे तशी, न कापता. त्या वेळचा पुजारी रामहरी भला माणूस होता. त्याने मला हातात घेतले, वास घेतला, सगळे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाला, "आजी, नवस फेडलास. आता आसं करू, डागाचं टोक आत घडी घालून हातरू. चांगली बाजू वर. देवालाबी दिसायचं न्हाय आन मानसांस्नीबी."

"न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "डाग वर ठेव."

"आगं पर..."

"माज्या चुकीनं तीन कोकरं गेली, त्ये देवाला ठावं हाय. पर तितं दर्यात किती जीव गेलं, त्ये कुनी बघितलं न्हाय. त्या पाखरांसाटी कुनी नवस बोललं नव्हतं. ह्यो डागच तेवढा सांगाया हाय. मला तर त्योबी दिसत न्हाय. निदान देवाला तरी दिसू दे. डाग वर ठेव."

रामहरीने घडी उलगडली. तेव्हापासून मी अशी पूर्ण पसरलेली आहे. म्हाळसाबाई आता घरीच असते, मायाक्का कातते. मेंढरे देवळावरून जातात तेव्हा चांदीचे ते कोकरू, आता चांगली मोठी मेंढी झालेली, दाराशी थांबते, हवा हुंगते आणि पुढे जाते.

मित्रांनो, सोलापूरपासून समुद्र फार लांब आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल. आमच्या माळावरच्या धनगरांनाही वाटत होते की दर्याचे दर्याला, आपले आपल्याला. आता आपल्या समुद्राच्या पोटातून तेल निघू लागले म्हणून लोक आनंदात आहेत. ते निघू दे. तुमच्यापैकी कुणी उद्या जहाजावर जाईल, कुणी कारखान्यात, कुणी साहेब होईल. तेव्हा सांडू नये म्हणून जपा. जपूनही कधी काही सांडले, तर ते घडीच्या आत घालू नका. पसरून ठेवा, सगळ्यांना दिसू द्या.

आणि त्या चिंचा वेचणाऱ्या मुलीला कुणी ओळखत असाल तर तिला माझा निरोप सांगा. पुन्हा आलीस तर खुशाल नाक धर, पण तोंड फिरवू नकोस.